मापाडी

बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठी दिली नाही,
नुसतं हळू आवाजात म्हणाल्या,
"ओजसचे बाबा, एकदा कुठंतरी दाखवून घ्या."
कुठंतरी म्हणजे कुठं, मी विचारलं नाही.
कोपरखैरण्याच्या नाक्यापासून घरापर्यंत
बाईच चुकल्यात, असं मी ठरवत आलो.

सासू म्हणाली, मुलगे उशिराच बोलतात.
चुलता म्हणाला, गावाकडं नेऊन देवाला कौल लावा.
शेजाऱ्यांनी मोबाईलला नावं ठेवली.
सारिका काहीच म्हणाली नाही.
ती दीड वर्ष एका वहीत लिहीत होती,
हे मला त्या रात्री कळलं.
हाक मारली, वळला नाही.
कुकरची शिट्टी, कानांवर हात.
हाक मारली, वळला नाही.
तारखेसकट.

मी तुर्भ्याच्या बाजारात मापाडी.
कांदा-बटाटा, अठरा वर्षं.
गोणीकडं बघून सांगतो, पन्नास भरेल की किलोभर कमी.
आणि घरात रोज उचलत होतो याला,
खांद्यावर घेत होतो.

ठाण्याच्या दवाखान्यात फॉर्म भरला.
वय: तीन वर्षं चार महिने.
पुढच्या रकान्यात निखत मॅडमनी लिहिलं,
भाषा: चौदा महिने.
मी म्हटलं, एवढी तूट?
त्या हसल्या नाहीत.
"तूट नव्हे, उशीर. आणि तुम्ही लवकर आलात."
लवकर!
मला हे पहिल्यांदाच कुणी म्हणालं.

आधी कान तपासायचे.
डोक्याला तारा लावून, झोपेत.
तेव्हा रात्रभर जागवून आणा.

म्हणून त्याला गाळ्यावर नेला.
दोन वाजता लासलगावचा ट्रक लागला, मग ओतूरचा.
हमाल म्हणाले, काय मुकादम, आज ड्युटी?
त्यानं मान वर केली नाही.
सांडलेले कांदे गोळा केले,
भिंतीपासून नळापर्यंत लावले,
आधी गोलटी, मग मध्यम, मग मोठा.
आम्ही नग निवडताना चुकतो. तो चुकला नाही.
दगडूनं पाठीवर गोणी असताना
पाय उंच उचलून ओळ ओलांडली.
मग मागच्यानं. मग त्याच्या मागच्यानं.
पहाटेपर्यंत पन्नास-पन्नास किलो
त्या ओळीवरून गेलं, एक कांदा हलला नाही.

चारला तो पेंगायला लागला.
मी त्याच्या तळव्यांना गार पाणी लावलं.
ते अजून आठवतं.

ऐरोलीला रिक्षात झोपलाच तो,
आणि दवाखान्याच्या दारात टक्क जागा.
तारा लावल्या की उपटायचा.
दोन तास. बाहेर दुसरी मुलं, दुसऱ्या आया, तशीच तारवटलेली.
शेवटी सारिकाच्या ओढणीत तोंड खुपसून गेला.

कान चांगले आहेत, म्हणाले.
सारिका रडली.
मला कळेना हे कुठल्या खात्यात मांडायचं,
ऐकू येतं,
आणि तरी वळत नाही.

तीन महिने यादीत थांबल्यावर
आम्हाला एक बुधवार मिळाला, अकरा वाजताचा.
दर बुधवारी माझा रोज बुडतो.

फॉर्मात एक प्रश्न होता: बोटानं दाखवतो का?
नाही.
तो माझं मनगट धरतो, अवजार धरावं तसं,
आणि फळीवरच्या बरणीपर्यंत नेतो.
मॅडम म्हणाल्या, लगेच देऊ नका.
बरणी तुमच्या चेहऱ्याजवळ धरा,
मनात दहा मोजा. थांबा.

थांबणं मला येतं.
गोणी ठेवली की काट्यावरचे आकडे थरथरतात.
शेतकऱ्याला घाई, व्यापाऱ्याला घाई,
मापाडी पुकारत नाही
आकडा ठरेपर्यंत.

काल रात्री बरणीत खारी होती.
त्यानं मनगट ओढलं, चिडला, पाय आपटले.
एक. दोन. तीन.
सातला त्याची नजर बरणीवरून सरकली,
माझ्या हनुवटीपर्यंत आली.
हनुवटीपर्यंतच.

सारिकानं वही काढली.
आधी तारीख लिहिली.