पाणी जोखणं

अंधाऱ्या खोलीत मी मापं घेते.
ग्रोनिंगनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
जेल आधी तळहातावर कोमट करून,
अनोळखी बरगड्यांच्या फटीतून
डाव्या कर्णिकेपर्यंत.

सित्स्के होकेमा, वय सदुसष्ट.
एकतीस वर्षं कालव्याच्या झडपा उघडल्या-मिटल्या तिनं.
काळजाचा ठोका चुकणं ही एरवी बोलायची रीत;
हिचा दोन वर्षांत एकही
जागेवर पडलेला नाही.
पडद्यावर कर्णिका नुसती शहारत राहते,
वाऱ्यातल्या डबक्यासारखी.
बावन्न मिलिमीटर. मी लिहिते.

एमआरआयचा नकाशा पलीकडच्या इमारतीतून येतो:
निळं ते निरोगी, लाल ते व्रण,
आणि लाल जरा जास्तच.
डॉक्टर फोप्पे सगळं यंत्राला भरवतात,
वय, वजन, घोरणं, बेताल महिने.
ॲब्लेशननंतर वर्षभर लय टिकण्याची शक्यता
शंभरात एकेचाळीस.

"मी त्या एकेचाळिसांतली,
की उरलेल्या एकोणसाठांतली?"
फोप्पे चष्मा पुसत बसतात.
"बांध कुठे फुटणार, तुम्हाला तरी आधी कळायचं?"
"नाही. पण पाणी कुठे मुरतंय ते कळायचं.
तिथलं गवत जास्त हिरवं असतं."

बेरेंट लर्सेमाला यंत्रानं अठ्ठ्याहत्तर दिले होते.
लहान कर्णिका, निळाशार नकाशा.
मार्चमध्ये कॅथेटर गेला,
सप्टेंबरात तो पुन्हा माझ्या पलंगावर,
तेच शहारणं घेऊन.
माफ करा, म्हणाला. मला.
जणू मीच पेपर तपासला होता.

सित्स्केनं तरीही करून घेतलं.
जिन्यावर दम लागतो, म्हणाली,
आणि नातीची शाळा दुसऱ्या मजल्यावर आहे.

आज दहावा महिना.
ईसीजीच्या पट्टीवर प्रत्येक उंच ठोक्याआधी
एक चिमुकली टेकडी.
या सपाट मुलखात जन्मले मी,
टेकडी म्हणून इतकं कधी काही बघितलं नव्हतं.
पन्नास मिलिमीटर.
लालची जागा नकाशावर असेल तशीच.

"टिकेल?"
मी फक्त मापं घेते, असं म्हणायचं असतं.
म्हटलंही.
तिनं छातीवरचं जेल पुसलं,
दोन बोटं मनगटावर ठेवली
आणि खिडकीबाहेर बघत राहिली,
झडप उघडायच्या आधी बघायची
तशी असेल बहुतेक.