ठीक आहे की

निपाणीहून दीड तास उभ्याने येऊन
बेळगावात बघितला एकदाचा तो सिनेमा.
मी पहिल्यांदा, भाची तिसऱ्यांदा.

पोरगा सोळाचा, पोरगी सोळाची,
गावात चिखल होता पण बुटाला लागत नव्हता.
ती केस मोकळे सोडायची आणि वारा वेळेवर यायचा,
आमच्या चिक्कोडी बसपेक्षा वेळेवर.
त्याने चिठ्ठी दिली. व्हायोलिन.
तिने वाचली. आणखी व्हायोलिन.
शेजारी समृद्धी नाक ओढत होती,
मी पॉपकॉर्नच्या तळाशी
न फुटलेले दाणे चाचपत होते.

वाईट नव्हता, तसं काही नाही.
गाणी बरी होती, पोरगी तर गोडच.
पण मला मध्येच आठवली
ईरण्णा मगदूमची चिठ्ठी.

तो कन्नड शाळेचा, मी मराठी,
मध्ये एक भिंत आणि तंबाखूची वखार;
वारं फिरलं की दोन्हीकडे एकच शिंक.
संध्याकाळी गणिताची शिकवणी तेवढी सामाईक.

चिठ्ठी कन्नडात होती.
मला कन्नड तेव्हा बसच्या पाटीपुरतं यायचं,
आणि ह्यात संकेश्वर नव्हतं, चिक्कोडी नव्हतं.
दाखवणार कुणाला?
आधी घरात दंगल, मग गल्लीत,
मग काय सांगावं, विधानसभेत.

दोन वर्षं भूगोलाच्या पुस्तकात,
मग पत्र्याच्या पेटीत.
पुढे नोकरीसाठी कन्नड शिकले,
सहीसुद्धा कन्नडात करू लागले,
तेव्हा एका दुपारी काढून वाचली:
'कंपास परत दे. अण्णाचा आहे. मार बसतो.'
एवढंच.

खाली एक ओळ होती, खोडलेली.
आडवी, उभी, मग पेन रुतवून गोल गोल,
कागदाला मागून फुगवटा आलेला.
उन्हाकडे धरली. बल्बपुढे धरली.
एक अक्षर लागलं, बहुतेक 'न'.
कन्नडात 'मी'ही तिथूनच सुरू होतो
आणि 'तू'ही.

त्या सिनेमात कुणी काही खोडलंच नाही.

"आत्ती, तुला काईच वाटलं नाही की काय?"
"ठीक आहे की," म्हटलं, "चल, शेवटची बस जाईल."
स्टँडवर पाटी वाचली, निप्पाणी,
त्यांच्यात 'प'ला 'प' जोडलेला असतो.
खिडकी मिळाली. समृद्धी हत्तरगीपर्यंत झोपली.

कंपास अजून घरात आहे.
झाकण नीट बसत नाही, बटणं ठेवते त्यात.
परत द्यायचा राहिलाय.