दोन रेघांची पिन

दिव्याच्या हळदीत, शनिवारी,
नवरीच्या मावशीने गालाला पहिलं बोट लावलं,
सगळे गप्प झाले,
आणि माझा किकचा पॅड एकटाच वाजला.
धप्प.
मी तेव्हा स्टुलावर नव्हतो,
मांडवामागे कोलंबी सोलत होतो.
"यो कोन वाजवतंय?" मावशी म्हणाली.
मांडव हसला. मीही हसलो.
बेंजोवाला धनाजी केणी हसला नाही.
पार्टी त्याच्या नावावर आहे.

रात्री अडीचला टेम्पोत
त्याने एवढंच विचारलं,
वायर कितीची होती?

चाळीसची.

सोमवारी कोपरीला गेलो, रोचिरामच्या दुकानात.
काचेमागे वायरी झोपल्या होत्या,
प्रत्येकीच्या टोकाला सोन्याचा मुलामा,
नऊशे रुपये एक.
माझे पॅड आठ.
मी मनात गुणाकार केला
आणि अर्ध्यावर सोडून दिला.

"गिटार आहे?" म्हातारा म्हणाला.
नाही, पॅड.
"मग त्याच्याकडे बघू नकोस.
तुझ्या वायरीतून आवाज जातच नाही.
आवाज डब्यात बसलाय.
वायरीतून जाते नुसती बातमी,
कुणीतरी मारलं, आणि किती जोरात.
बातमीला सोनं कशाला लावतोस?"

मग माझी चाळीसवाली त्याने दातांनी सोलली.
आत दोन केसांएवढ्या तारा, बाकी रबर.
"ही स्पीकरची. हिच्या अंगावर जाळी नाही.
मांडवातला जनरेटर गुणगुणला
तरी डब्याला वाटतं, मारलं."

पिन उजेडात धरून म्हणाला,
"स्नेअरची कड वाजते?"

फेब्रुवारीपासून नाही.
मी पॅडच गेला समजलो होतो.
मधल्या मधे वाजवून निभावत होतो,
कडेचा टणत्कार जिथे हवा तिथे
डोळे मिटून मान हलवायचो,
लोकांना वाटायचं, रंगलाय.

"एक काळी रेघ म्हणजे नुसतं मधलं.
कडेचं पोचवायला दोन रेघांची पिन लागते."
नखाने त्याने दाखवलं:
एक. दोन.
म्हणजे एवढे महिने मी कडेवर मारत होतो
आणि पलीकडे कुणाला कळतच नव्हतं.

अठरा मीटर, दोन गाभ्यांची, वर तांब्याची जाळी,
तीस रुपये मीटर.
सोळा पिना पस्तीसने.
त्यातल्या दोन काटकोनी मागितल्या,
किकला आणि हाय-हॅटला,
तिथे माझाच पाय वायरीत अडकतो.
काटकोनीचे जास्त घेतले नाहीत त्याने,
पण अकराशेतला एक रुपयाही सोडला नाही.

विटाव्याला घरी, जेवणं झाल्यावर,
ओट्यावर सोल्डरिंग.
उर्वीने कपड्याच्या चिमट्यात पिन धरली,
नाक दाबून म्हणाली, उदबत्ती बदला.
पहिली वायर जुळली, चकचकीत,
आणि बघतो तर पिनेचं झाकण ओवायचंच राहिलं.
उकललं. पुन्हा जोडलं.
दुसऱ्या वायरीलाही तेच.
तिसऱ्या वेळी उर्वीनेच झाकण आधी ओवलं
आणि काही बोलली नाही, आईवर गेलीय.
तिच्या नेलपॉलिशने पिनांवर आकडे घातले.
सात नंबरला पॉलिश संपली,
आठवी तशीच, बिनआकड्याची.

मग सगळे झोपल्यावर
हेडफोन लावून स्नेअरच्या कडेवर
काठी अगदी हळू टेकवली.

टण्.

घरात कुणाला ऐकू गेलं नाही.
मी तेवढंच कितीतरी वेळ वाजवत बसलो,
ताल नाही, काही नाही.

पुढच्या हळदीला, आगासनला,
जनरेटर शेजारीच होता आणि
मी उठलो तेव्हा पॅड गप्प राहिले.
धनाजीने हिशोब विचारला.
अकराशे, मी म्हणालो.
त्याने हजार मोजून दिले.
वरचे शंभर, म्हणाला,
त्या कोलंबीचे.