सांधणी

कारखान्यात मला सांधणीवाला म्हणतात.
जुनं बीम संपत आलं की नव्या बीमची टोकं
जुन्याच्या टोकांना बांधायची.
चोवीसशे धागे, चोवीसशे गाठी,
अंगठ्याला राख लावून.
गाठ अशी पाहिजे की फणीतून जाताना
फणीला कळू नये.

म्हणून डॉक्टर बिराजदार ‘गाठ’ म्हणाले तेव्हा
मी आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

फिल्म उजेडाला धरून त्यांनी दाखवलं :
मानेच्या वर, मेंदूचा देठ.
श्वास इथून, गिळणं इथून, नजर वळते ती इथून.
सौजन्याचा डावा डोळा जूनपासून नाकाकडं वळलाय
तो म्हणूनच.
काढता येत नाही?
ते म्हणाले, बांधलेली गाठ असती तर सोडवली असती.
ही पसरलीय.
कच्चा लाल पांढऱ्या सुतात उतरतो तशी, हे मी मनात म्हणालो.
तसलं कापड आम्ही सेकंडात काढतो, किलोवर विकतो.

रक्तातून औषध दिलं तर मेंदूपर्यंत जात नाही,
दारातच अडवतात, ते म्हणाले.
हे मला लगेच कळलं.
आठ वर्षांचा होतो, बापाचा डबा घेऊन गिरणीत जायचो.
वॉचमन बिल्ला मागायचा.
माझ्याकडं डबा होता.
मग रंगखात्याच्या मागं भिंतीची एक वीट निघालेली,
तिथून डबा आत सरकवायचा.
आतून एक निळा हात यायचा.
माझ्या बापाचा हात निळा नव्हता,
पण डबा पोचायचा.

तर आता भिंतीला वीटभर जागा करायची.
केसाहून थोड्या जाड अशा चार नळ्या,
उजव्या कानामागं शर्टाच्या बटणाएवढं एक झाकण,
आणि तासाला सहा थेंब.
सहाच?
जोरात सोडलं तर नळीच्या कडेनं उलटं फिरतं,
नको तिथं जातं.

हेही कळलं.
आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी येतं.
मैनोद्दीन चावीवाला चावी एकदम फिरवत नाही.
पाव फेरा. पाइपाला कान.
परत पाव फेरा.
बायका वरून शिव्या घालतात,
तो बिडी पेटवून बसतो.

अठरा पानांवर सह्या केल्या.
‘प्रयोग’ हा शब्द नऊ वेळा होता.
‘हमी’ शोधला.
राजमणीनं परत शोधला, बोट ठेवून,
विड्यांची पानं कातरून काळं पडलेलं बोट.

पहिल्या रात्री पंपाशी बसलो.
माझ्या मागावर एका मिनिटाला एकशे दहा धोटे पडतात,
म्हणजे एका थेंबात अकराशे.
इतकं कापड विणून झाल्यावर
माझ्या पोरीच्या डोक्यात एक थेंब.
पंपाला आवाज नव्हता.
आवाज नसलेल्या यंत्राजवळ मला झोप येत नाही.

आता महिन्यातून एकदा जातो.
अबोलीचा गजरा राजमणी डाव्या बाजूला माळते,
उजवीकडं ते बटण.
शेजारची यल्लव्वा म्हणाली,
कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ना पोरी,
तसं होऊ दे तुझं औषध.
सौजन्या हसली. ओठाची एकच बाजू हसली.

आज पाचवा दिवस. पहाटे पावणेचारला
नळ आधी नुसता फुसफुसला.
“नान्ना, पाणी आलं.” ती माझ्याआधी जागी.
हंडे भरले. उजाडलं.
समोरच्या दोरीवर मी चादर टाकली, बारा फुलांची.
मान हलवायची नाही. डावीकडची फुलं मोज.
गेल्या महिन्यात चारवर थांबली होती.

एक, दोन, तीन, चार.
मग बराच वेळ काही नाही.
मग, “पाच.”

मान हलली असेल.
वाऱ्यानं चादर हलली असेल.
मी परत मोज म्हणालो नाही.
खिशातली राख अंगठ्याला लावली
आणि पाळीला निघालो.