पाचव्या थराखालची रेघ

रालामंडलच्या फाटकाशी, कुंपणाच्या आत,
पाच बाय आठचा पत्रा उभा केला आहे
आणि त्यावर मला डोंगर कापून दाखवायचा आहे.
कागद दिलाय रेतरेकर बाईंनी:
खाली काळा थर, वर राखी, पुन्हा काळा,
मधूनच आंबलेल्या पिठासारखा भोकाभोकांचा.
"एकेक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर."

चौथ्या आणि पाचव्याच्या मधे
एक लाल रेघ. अंगठ्याएवढी.
"ही कशाची?"
"पूर थांबला होता, तेव्हाची माती.
दगड कुजला, काही उगवलंही असेल कदाचित,
मग वरून पुढचा पूर आला, भाजली विटेसारखी."
"किती वर्षं थांबला होता?"
बाईंनी चष्मा पुसला.
"हजारो म्हणा. रेघ मात्र जाड काढू नका."

चाळीस वर्षं रामबागेत पाट्या रंगवतो मी:
दवाखाने, वकील, शिकवण्या, पिठाची गिरणी.
थांबलेलं काही रंगवायला
कुणी सांगितलं नव्हतं.

डब्यातला लाल लावला, पोस्टाच्या पेटीसारखा ओरडला.
काळा घातला: सुकलेलं रक्त.
पिवळा घातला तर गाजर.

भेरूलाल, वनरक्षक, मागे उभा राहून बघत होता.
"माझी आई याच मातीनं मांडणे घालायची,"
त्यानं आपल्या माळवीत सांगितलं,
"कुंपण नव्हतं तेव्हा. टोपल्या भरून न्यायची.
आता खडा उचलला तर मीच पावती फाडतो.
परवा एका पोराच्या खिशातली गारगोटी
परत नाल्यात नेऊन ठेवली. फार रडला."

मग खाली बसला. बूट काढला.
सकाळची गस्त नाल्यातून झाली होती.
टाचेच्या खाचेतून काडीनं कोरून
दीड चमचा काढली,
माझ्या झाकणात टाकली.
"बुटाला लागलं त्याचा कायदा नाही."
हसला नाही.

जवसाच्या तेलात घोटली. खरखरत होती, कुंचला अडत होता.
केसाएवढं मूळ निघालं कसलंसं, तेही राहू दिलं.
मोजपट्टी न धरता, श्वास धरून ओढली
या कडेपासून त्या कडेपर्यंत.
शेवटी चार बोटं कमी पडली.
तिथे नुसतं बोट फिरवलं.

उन्हं कलताना खाली हिंदीत अक्षरं काढली, ठरल्याप्रमाणे:
पत्थर, मिट्टी, पत्ता,
कुछ भी ले जाना मना है.
मिट्टीची वेलांटी जराशी हलली.

भेरूलाल परत गस्तीला निघाला,
एक टाच स्वच्छ.