सुपारीची नखं

मागच्या वैशाखात चूक माझ्याच हातून झाली.
वर्ध्याला लग्न, गाडी साडेअकराची,
जाताजाता एवढं उरकून टाकू म्हणून
चौघांनी तिला मोरीत दाबून धरलं.
तितरमारेंचा पोरगा मानेवर, मी पंजावर.
कट्.
काळ्या नखात जिवंत शीर कुठवर आलेली असते
ते बाहेरून दिसत नाही.
फरशीवर आधी थेंब, मग ठसे,
थेट देव्हाऱ्यापर्यंत.
लग्नातली जिलेबी घशाखाली उतरली नाही, असं म्हणणार नाही.
उतरली. दोनदा घेतली.

सुपारी मात्र तेव्हापासून
टेबलाचा खण सरकल्याचा आवाज ओळखते.
खणात नेलकटर आहे, तसा पेचकसही आहे,
विजेची बिलं, एका काडीचा चष्मा.
तिला काय त्याचं.
खण सरकला की ती दिवाणाखाली,
आणि तिथून असा सूर
जो मी अजनीच्या शेडात तीस वर्षांत
फक्त बिघडलेल्या कॉम्प्रेसरचा ऐकला.

लोक म्हणाले, नखरे आहेत.
नखं वाढत गेली. आत वळायला लागली.
ती चालायची तसं घरभर कोणीतरी
जुन्या टाइपरायटरवर अर्ज लिहीत असायचं.

डॉक्टर मेश्रामबाईंनी तिला टेबलावर घेतलंच नाही.
स्वतःच फरशीवर बसल्या, तिच्याकडे पाठ करून,
आणि माझ्याशीच बोलत राहिल्या पंधरा मिनिटं.
म्हणाल्या, पंजा तिचा आहे. तुम्ही मागायचा.
नाही म्हणाली तर उद्या मागायचा.
घरी बायको म्हणाली,
"थे तं मी बी सांगतलं असतं. पैसे काऊन देल्ले?"

आठवडाभर नेलकटर नुसता पडून, तिच्या ताटलीशेजारी.
मग मी खराट्याच्या काड्या कापायला बसलो.
कट्, आणि उकडलेल्या कलेजीचा तुकडा, शेंगदाण्याएवढा.
कट्, तुकडा.
निम्मा खराटा संपला.
बायकोनं नवा आणला आणि हिशोबाच्या वहीत
माझ्या नावापुढे मांडला.

दुपारी बाहेर सेहेचाळीस.
कूलरच्या ओल्या ताटीसमोर ती आडवी पडते,
तेव्हा फणी फिरवू देते, पण पाठीवरच.
शेपटीकडे गेलो की एक डोळा उघडतो.
मी थांबतो.
थांबणं मला कोणी शिकवलं नव्हतं,
शेडात गाडी सुटायची वेळ आपल्यासाठी थांबत नाही.

एका रात्री शेडातला माणूस जागा झाला डोक्यात.
इतवारीतून खरखरीत पॉलिशपेपर आणला,
फळीवर चिकटवला, तिरका धरला.
खाजव, म्हटलं.
ती फळीकडे बघते, माझ्याकडे बघते,
कलेजीच्या वाटीकडे बघते.
पाचव्या दिवशी खर्रर्र.
पुढच्या पायांची नखं तिनं स्वतःच घासली,
आणि अशा तोऱ्यात वाटीकडे आली
जशी मजुरी मागायला आली.

अठरा नखं. अठरापगड.
आठ फळीवर झिजली.
अंगठ्याची दोन जमिनीला टेकतच नाहीत,
ती मी कापली, एक रविवारी, एक बुधवारी,
कणभर, नखाच्या नखाएवढी.
बुधवारी तिनं माझं मनगट दातांत धरलं.
चावली नाही. धरलं नुसतं,
जसं मी तिला मोरीत धरलं होतं, त्याहून पुष्कळ हलकं.
आम्ही दोघं तसेच बसलो.
मग तिनं सोडलं.

मागच्या आठांचं अजून नाव काढायचं नाही.

रात्री लाईट गेली, कूलर थांबला,
आणि अंधारात ती पाणी प्यायला उठली.
पुढचे पाय आता मुके झालेत.
मागचे तेवढे बोलतात,
टक्, मग काहीच नाही, मग टक्,
अर्धा अर्ज, अर्धी गप्प.
"कोन आहे?" बायको झोपेत म्हणाली.
सुपारी, म्हटलं.
"मंग अशी लंगडी काऊन वाजते?"