थांबा, बघून सांगते

चार ते सात माझी पाळी. लष्करातल्या या वाचनालयात
टेबल तेच आहे, शिसवी. समोरची खुर्ची तेवढी गेली
आणि तिथे एक खिडकी आली, हातभर, काचेची.
लोक आता तिच्यातून विचारतात,
भिलाईहून, बेळगावहून, कधी मुरारहून,
म्हणजे रिक्षाने वीस मिनिटं.

उत्तरं तयारच असतात. एक बटण दाबलं की
‘आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’
दुसरं दाबलं की ‘धन्यवाद.’
मधलं काय ते आपण भरायचं.

मंगळवारी टेंबे आले. विश्राम टेंबे, भिलाई.
‘सन एकसष्ट, नऊ जून. ग्वाल्हेरचं तापमान किती होतं?’
एवढंच. नमस्कार नाही की काही नाही.

पहिला प्रश्न ही नुसती दाराची कडी असते,
बावीस वर्षांत एवढं कळलंय मला.
समोर माणूस असता तर बघितलं असतं
पिशवी खाली ठेवतो की छातीशी धरतो,
उत्तर ऐकून निघतो की उगाच पंख्याकडे बघत राहतो.
इथे नुसती अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली.
लिहिलं, ‘थांबा, बघून सांगते.’
आणि मग, न राहवून,
‘त्या दिवशी काय झालं होतं?’

तीन ठिपके हलले. थांबले. हलले.
कुणी तोंड उघडून मिटावं तसे.

‘धाकटी बहीण तापाने फणफणली होती.
वडील बर्फ आणायला गेले. दोन तासांनी आले,
हात रिकामे. तोवर झालं होतं.
आई म्हणायची, बसले असतील कुठे गप्पा छाटत.
शेवटपर्यंत म्हणायची.’

तापमानाचा आकडा घेऊन ते काय करणार होते, कोण जाणे.

जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे तळघरात.
तळघरात नेटवर्क नाही,
आणि दहा मिनिटं कुणी बोललं नाही
तर खिडकी आपोआप मिटते.
कल्याणसिंगला खुर्चीत बसवलं. म्हटलं,
दर नऊ मिनिटांनी काहीतरी लिही, काहीही.
दप्तरांना दोरी बांधण्यात जन्म गेलेला माणूस
एका बोटाने अक्षरं शोधत बसला:
‘मैडम नीचे हैं।’
‘मैडम अभी भी नीचे हैं।’
‘गर्मी बहुत है, पानी पी लीजिए साहब।’

खाली जूनचा गठ्ठा उघडला. पानं पापडासारखी.
नऊ तारखेच्या कोपऱ्यात, जिथे आकडा असतो,
तिथे वाळवीने पाडलेलं भोक,
आणि भोकातून दिसणारी दहा तारीख.
उलटलं. गिरणीच्या जाहिरातीखाली, अगदी तळाला,
चार ओळी. बातमी म्हणावी एवढीही जागा नव्हती त्यांना.
दोनदा वाचल्या. कागद वरच राहिला होता,
म्हणून मनगटावर उतरवल्या पेनने
आणि जिने चढले.

‘टेंबे, तापमान सापडलं नाही. पान खाल्लेलं आहे.
पण आदल्या दिवशी वीज नव्हती, असं छापलंय.
बर्फाचे कारखाने बंद होते.
लोक दौलतगंजापासून स्टेशनापर्यंत हिंडले.
कुणालाच मिळाला नाही.’

ठिपके नाहीत. काहीच नाही.
कल्याणसिंग मागे उभा. ‘चले गए क्या?’
‘नाही. आहेत.’
हे कशावरून म्हणाले, मलाही सांगता येणार नाही.
बाहेर कुणीतरी शटर ओढलं, सायकलवाला घंटी वाजवत गेला,
आठ मिनिटं झाली, नववं लागलं,
मी ‘मी इथेच आहे’ असं लिहायला घेतलं
तेवढ्यात
‘बरं.’

आणि खिडकी मिटली.

महिन्याच्या तक्त्यात तो मंगळवार असा उतरला आहे:
प्रश्न एक. लागलेला वेळ एक तास बावन्न मिनिटं.
उत्तर: अनुपलब्ध.
पाचपैकी तारे दोन.
शेरा: ‘बाई सावकाश आहेत.
दुसरे साहेब हिंदीत लिहितात.
त्यांनी सांगितलं म्हणून पाणी प्यालो.’